पुरुषांमधली स्तनवाढ : चरबी की ग्रंथी?

प्रश्न : वय २३. पंधराव्या वर्षापासून दोन्ही बाजूंची छाती फुगलेली दिसते. जिम लावून सात किलो वजन उतरवलं, छाती मात्र तशीच. लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणं) करून त्याच दिवशी घरी जा, असं एका क्लिनिकमध्ये सांगितलं. करून घेऊ का?

उत्तर : नुसतं लायपोसक्शन नको, आणि तपासणीआधी काहीच नको. उताणे झोपून एक हात डोक्याखाली घ्या. दुसऱ्या हाताचा अंगठा आणि तर्जनी छातीच्या दोन कडांना टेकवून हळूहळू बोंडाकडे आणा. बोंडाच्या बरोबर खाली रबरासारखी, थोडी हलणारी चकती लागली तर ती स्तनग्रंथी. यालाच गायनेकोमॅस्टिया म्हणतात. काहीच न अडता बोटं बोंडापर्यंत पोचली तर निव्वळ चरबी. पुष्कळांत दोन्ही असतं. वजन घटूनही तुमचा फुगवटा राहिला, म्हणजे ग्रंथीचाच संशय जास्त. ती व्यायामाने वितळत नाही. उलट खालचा स्नायू भरला की अधिकच पुढे येते.

गाठ दगडासारखी, बोंडापासून बाजूला किंवा एकाच छातीत असेल, बोंड आत ओढलं गेलं असेल, रक्त येत असेल किंवा काखेत गाठ लागत असेल, तर लगेच सर्जनकडे जा. पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो. क्वचित, पण होतो.

डॉक्टरांनी अंडकोषही तपासायला हवेत. ते टाळणारी तपासणी अपुरी समजा. गरजेनुसार रक्तातल्या हार्मोनच्या (सकाळचं टेस्टोस्टेरॉन, एलएच, इस्ट्रॅडिओल, बीटा एचसीजी, प्रोलॅक्टिन, थायरॉइड), तसंच यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या होतात. जिममध्ये कुणी ‘मास’साठी, म्हणजे स्नायू भरायला, स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली असतील तर लपवू नका. त्या स्टेरॉइडांपैकी काहींचं शरीरात इस्ट्रोजेन (स्त्री-हार्मोन) बनतं, आणि ती चालू ठेवून केलेलं ऑपरेशन वाया जाऊ शकतं.

इस्ट्रोजेनचा परिणाम रोखणाऱ्या टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या नव्या, दुखऱ्या वाढीवर उपयोगी पडतात. साधारण वर्षभरानंतर ग्रंथीत तंतू धरतात आणि औषध फारसं लागू पडत नाही. तुमची आठ वर्षांची आहे, म्हणून उपाय शस्त्रक्रियेचा. बोंडाभोवतीच्या गडद वर्तुळाच्या खालच्या कडेला छेद घेऊन ग्रंथी काढतात, भोवतालची चरबी लायपोसक्शनने. फक्त चरबी ओढली तर चकती मागे राहते आणि बोंड टोकदारच दिसतं. सगळी ग्रंथी खरवडली तर बोंड बशीसारखं खचतं, म्हणून त्याखाली पातळ थर मुद्दाम ठेवतात. हे प्रमाण सर्जनच्या हातावर असतं, तेव्हा त्याने केलेल्या रुग्णांचे आधीचे आणि नंतरचे फोटो मागा. पुढे चार ते सहा आठवडे घट्ट प्रेशर जॅकेट वापरावं लागतं, जड वजनही तितकेच दिवस बंद. पहिल्या दिवशी एकच बाजू झपाट्याने फुगून ताठ झाली तर आत रक्त साकळतंय. सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा. एका बोंडाखाली सुपारीएवढी दुखरी गाठ आहे.

उत्तर : या वयात हे नेहमीचं आहे, एका बाजूलाही होतं. बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा, मग दर सहा महिन्यांनी. बहुतेक मुलांत सहा महिने ते दोन वर्षांत ओसरतं. सारखं दाबून पाहू नका, त्यानेच दुखणं वाढतं. लेप, मालिश नको. वयात येण्याच्या बाकी खुणा नसताना छाती वाढली किंवा गाठ भराभर वाढत गेली, तर मात्र हार्मोनतज्ज्ञांकडे न्या.

प्रश्न : वडील ६४. हृदयासाठी स्पायरोनोलॅक्टोन चालू झाल्यापासून दोन्ही छात्या दुखतात.

उत्तर : गोळीचाच परिणाम असण्याची दाट शक्यता. स्वतःहून बंद करू नका. हृदयरोगतज्ज्ञ बहुधा त्याऐवजी एप्लेरेनोन ही गोळी देतील, त्यात हा त्रास बराच कमी असतो.