फ्रीमेसन लॉजचा पैसा जातो कुठे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : फोर्टात स्टर्लिंग थिएटरजवळ फ्रीमेसन्स हॉल आहे, ऑफिसला जाता-येता दिसतो. कुणी म्हणतं आत काळी जादू चालते, कुणी म्हणतं हे लोक प्रचंड दानधर्म करतात. खरं काय मानायचं? (एक वाचक, डोंबिवली)

जादू डोक्यातून काढून टाका. उत्तरेत तर या हॉलना लोक सरळ जादूघर म्हणायचे, कारण आत काय चालतं ते बाहेरच्याला दिसत नव्हतं आणि जे दिसत नाही त्याच्या गोष्टी होतातच. फ्रीमेसन्स ही पुरुषांची जुनी सभासद संघटना आहे, तिच्या स्थानिक शाखेला लॉज म्हणतात आणि सभासदाला थोडक्यात मेसन. 1717 मध्ये लंडनमध्ये चार लॉज एकत्र आले आणि पहिलं ग्रँड लॉज, म्हणजे शाखांवरची मध्यवर्ती संस्था, झालं तेव्हापासूनची. मुंबईत 1843 साली रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया हे लॉज निघालं ते खास भारतीय लोकांना आत घ्यायला, त्यात पारशी मंडळी पुढे होती, खरशेदजी रुस्तमजी कामा हे त्यातलं मोठं नाव. 1961 मध्ये ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्वतंत्र झालं.

दानधर्माचं विचाराल तर तो यांच्यात हौसेचा भाग नाही, पहिल्याच दिवशी गळ्यात पडतो. नव्या माणसाला दीक्षा देताना आधी त्याच्याजवळचे पैसे, अंगठी, घड्याळ, जे काही धातूचं असेल ते सगळं काढून घेतात. मग सगळ्यांसमोर उभं करून विचारतात, गरिबांसाठी काही देतोस का. देणार काय, खिसा रिकामा! तेव्हा त्याला सांगतात की हा क्षण लक्षात ठेव, पुढे कुणी अडलेला भेटला तर आपणही असेच रिकाम्या हाताने उभे होतो हे आठव. हे विधी कधीच छापून बाहेर आलेत, त्यामुळे मी काही गुपित फोडत नाहीये. मला स्वतःला त्यांच्या सगळ्या विधींमधला हाच भाग मनापासून आवडतो, कारण देणाऱ्याला आधी मागणाऱ्याच्या जागी उभं करणं ही साधी गोष्ट नाही आणि आपल्याकडच्या कितीतरी मोठमोठ्या देणगीदारांना याची गरज आहे असं मला वाटतं. शिवाय प्रत्येक लॉजमध्ये एक आमनर असतो, आजारी सभासद, विधवा, अडचणीतली घरं यांची चौकशी ठेवणं हे त्याचं काम.

प्रश्न : पण हे सगळं आपापल्या माणसांनाच देतात ना? मग त्याला समाजकार्य कसं म्हणायचं? (एक वाचक, नाशिक)

प्रश्न रास्त आहे आणि सुरुवातीच्या काळापुरतं तुमचं म्हणणं खरंही आहे. 1788 मध्ये लंडनला बार्थोलोम्यू रस्पिनी नावाच्या दाताच्या डॉक्टरने मुलींची शाळा काढायला पुढाकार घेतला, ती शाळा आजही रिकमन्सवर्थला चालू आहे, पण तेव्हा ती होती वारलेल्या किंवा हलाखीत असलेल्या मेसनांच्या मुलींसाठी. अमेरिकेत यादवी युद्धानंतर 1867 मध्ये केंटकी राज्यात लुइव्हिलला विधवा आणि अनाथांसाठी आश्रम निघाला तोही मेसनांच्याच घरच्यांसाठी. आता त्या काळात ना विमा ना पेन्शन, घरातला कमावता माणूस गेला की बायकापोरं रस्त्यावर, त्यामुळे वर्गणी काढून एकमेकांना धरून राहणं याला मी नावं ठेवणार नाही, पण त्याला समाजकार्यही म्हणणार नाही.

लंडनची ती शाळा निघाली त्याच काळात अमेरिकेत बॉस्टनमध्ये मात्र प्रिन्स हॉल नावाचा माणूस होता. कृष्णवर्णीय, 1775 मध्ये मेसन झालेला. गोऱ्यांच्या लॉजमध्ये जागा नाही म्हणून त्याने आपल्या लोकांचं वेगळं लॉज उभं केलं, आणि 1787 मध्ये सरकारकडे अर्ज केला की आम्ही कर भरतो तर आमच्या मुलांना शाळा का नाही. सरकारने काही केलं नाही, शेवटी 1800 च्या सुमारास त्याच्या मुलाच्या घरातच शाळा भरायला लागली. मेसनांच्या कामाचा विषय निघाला की लोक जॉर्ज वॉशिंग्टनचं नाव आधी घेतात, मी प्रिन्स हॉलचं घेईन.

खरं वळण आलं 1920 च्या दशकात. अमेरिकेत श्राइनर्स म्हणून मेसनांचीच एक शाखा आहे, मेसन असल्याशिवाय त्यात घेत नाहीत, तोपर्यंत त्यांची ओळख मिरवणुका आणि मौजमजा हीच जास्त. पोलिओने पोरं पांगळी होत होती आणि गरिबाच्या मुलाला ऑपरेशन परवडत नव्हतं, तेव्हा 1920 मध्ये त्यांनी ठरवलं की प्रत्येक सभासदाने वर्षाला फक्त दोन डॉलर द्यायचे आणि त्यातून मुलांचं हॉस्पिटल बांधायचं. पहिलं हॉस्पिटल 1922 मध्ये लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला सुरू झालं. मूल मेसनचंच पाहिजे अशी अट नव्हती, आणि कित्येक दशकं कुणाला बिलच दिलं जात नव्हतं, आता विमा असेल तर कंपनीकडून पैसे घेतात पण ऐपत नाही म्हणून मुलाला परत पाठवत नाहीत. पोलिओ आटोक्यात आला तर यांनी दुकान बंद नाही केलं, भाजलेल्या मुलांकडे वळले, 1960 च्या दशकात त्यासाठी वेगळी हॉस्पिटलं काढली. बॉस्टनच्या अशाच हॉस्पिटलचे सर्जन जॉन बर्क आणि तिथल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाचे यानास यांनी मिळून कृत्रिम त्वचा तयार केली. माणशी दोन डॉलरच्या वर्गणीतून सुरू झालेलं काम कृत्रिम त्वचेपर्यंत गेलं म्हणजे बघा, थोडं पण नियमित द्यायची शिस्त कुठवर नेते.

इंग्लंडमध्ये 2016 साली मेसनांच्या चार मोठ्या धर्मादाय संस्था एकत्र करून एकच फाउंडेशन केलं, त्यातून सभासदांच्या घरच्यांनाही मदत जाते आणि बाहेरच्या संस्थांनाही. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या उंच इमारतीच्या 2017 च्या आगीत फायर ब्रिगेडच्या शिड्या कमी पडल्या होत्या, नंतर लंडनच्या मेसनांनी 64 मीटरपर्यंत जाणाऱ्या शिड्यांच्या गाड्यांसाठी सुमारे 25 लाख पाउंड दिले. छोटी कामंही आहेत, हॉस्पिटलच्या इमर्जन्सी वॉर्डात घाबरलेल्या पोरांना टेडी द्यायचा उपक्रम तिकडे बरीच वर्षं चालू आहे.

प्रश्न : आमच्या झेडपी शाळेला एका मेसन लॉजने पाण्याचा फिल्टर आणि बेंच द्यायची तयारी दाखवली आहे. गावात कुजबुज चालू झाली की घेऊ नका, पोरांना नादी लावतील. काय करावं? (एक शिक्षिका, सांगली जिल्हा)

बाई, घ्या. नादी लावायची भीती नको, लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यावर चर्चेला मनाई असते आणि सभासदत्व फक्त सज्ञान पुरुषांना, शाळेच्या पोरांशी त्याचा संबंध येत नाही. आपल्या देशात त्यांची कामं उघड दिसणारी आहेत, कोइम्बतूरला मुलांचं मेसॉनिक मेडिकल सेंटर आहे, दिल्लीत वसंत कुंजला शाळा आहे.

पण डोळे उघडे ठेवून घ्या, आणि हे मी कुणीही देणगी देत असलं तरी सांगितलं असतं. आधी शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करा, वस्तू आल्या की डेड स्टॉक रजिस्टरला चढवा. मदत ज्या ट्रस्टच्या नावाने येतेय तो धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे का ते विचारा, नंबर मागायला लाजू नका, चांगली संस्था तो लगेच देते. फिल्टरच्या बाबतीत तर आत्ताच बोलून घ्या की कँडल बदलायचा आणि सर्व्हिसिंगचा खर्च कोण करणार, कारण उद्घाटनाला हार-तुरे आणि वर्षभरात फिल्टर बंद हे इतक्या शाळांत बघायला मिळतं की जीव तुटतो, पोरं परत टाकीचंच पाणी पितात. बेंचपेक्षा मुलींच्या टॉयलेटला पाणी जास्त गरजेचं असेल तर तसं स्पष्ट सांगा, देणाऱ्याला शाळेतली गरज तुमच्याइतकी कळत नसते. फोटोसाठी पोरांना तासभर उन्हात उभं करायचं नाही हेही आधीच ठरवून टाका.

लॉजवाल्यांनाही माझं एक सांगणं आहे. किती जमवलं, कुठे दिलं याचा हिशोब गावात लावा, वेबसाइटवर टाका. विधी तुमचे खाजगी असू देत, त्याला कुणाची हरकत नाही, पण लोकांसाठी काढलेला पैसा खाजगी नसतो.

प्रश्न : बायकांना यात प्रवेश आहे का? (एक वाचक, पुणे)

ग्रँड लॉज ऑफ इंडियाच्या लॉजमध्ये नाही. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बायकांच्या स्वतंत्र संघटना आहेत, आणि स्त्री-पुरुष दोघांना घेणारी को-मेसनरी भारतात ॲनी बेझंट यांनी आणली. मला पुरुषांपुरतं दार उघडणं पटत नाही, विशेषतः ज्यांचं पहिलं मोठं काम मुलींची शाळा होतं त्यांनी.

प्रश्न : रोटरी, लायन्स आणि हे एकच का? (एक वाचक, कोल्हापूर)

नाही. रोटरी 1905 मध्ये शिकागोत निघाली, लायन्स 1917 मध्ये. लायन्सचे संस्थापक मेल्विन जोन्स स्वतः मेसन होते एवढाच काय तो धागा. त्या दोन्ही आज सेवेसाठी ओळखल्या जाणाऱ्या संस्था आहेत, त्यांच्यात दीक्षाविधी वगैरे नाही. मदत मागायला जायचं असेल तर तुमच्या गावात यातलं जे कुणी खरंच काम करतंय त्यांच्याकडे जा.