अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातला सेनानी डॅनियल मॉर्गनने काउपेन्सच्या लढाईत आपल्याच शिपायांना मागे हटायला का सांगितलं? आणि तो राजकारणात कितपत टिकला?

कारण त्याला आपली माणसं नेमकी माहीत होती. हंगामी शिपायांच्या बंदुकांना संगिनी जवळपास नव्हत्याच आणि रायफल भरायला वेळ लागतो. ब्रिटिश संगिनी रोखून धावून आले की ते पळणारच. मग मॉर्गनने त्या पळण्यालाच डावात बसवलं: दोन फैरी झाडा, आधी अधिकारी टिपा आणि मागे या. १७ जानेवारी १७८१ला दक्षिण कॅरोलिनात ब्रिटिश सेनानी टार्लटनला वाटलं, शत्रू मोडला. त्याची रांग विस्कटून धावत सुटली आणि मागे उभ्या असलेल्या कसलेल्या पलटणीवर आदळली. त्या पलटणीची उजवी बाजू हुकूम चुकीचा ऐकून मागे वळली होती. मॉर्गन आणि पलटणीचा अधिकारी हॉवर्ड यांनी तिला पुन्हा फिरवून अगदी जवळून गोळीबार करवला. बाजूंनी घोडदळ आणि परतलेले हंगामी शिपाई तुटून पडले. पाचशेहून जास्त ब्रिटिश कैद झाले. माझ्या मते त्या युद्धातली ही सर्वांत सुबक लढाई.

मॉर्गन मूळचा गाडीवान. तरुणपणी ब्रिटिश अधिकाऱ्यावर हात उचलल्यामुळे पाठीवर फटके खाल्लेला. काउपेन्सनंतर काही आठवड्यांतच कंबर-पायाच्या असह्य दुखण्यामुळे त्याला घरी परतावं लागलं.

राजकारण थोडकंच. १७९४मध्ये व्हिस्की-कराविरुद्धचा उठाव शमवायला तो फौज घेऊन गेला, फेडरलिस्ट पक्षातर्फे एकदा निवडणूक हरला, मग १७९७ ते १७९९ व्हर्जिनियातर्फे अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहात बसला. प्रकृतीने साथ सोडली. १८०२मध्ये विंचेस्टरला वारला.