व्हेंटिलेटरवरील रुग्णाच्या हृदयगतीतील चढउतार कसे वाचावेत

न्यूमोनियामुळे आपले वडील नऊ दिवस व्हेंटिलेटरवर आहेत, त्यांच्या मनगटावर आपले स्मार्टवॉच बांधले असता हार्ट रेट व्हेरिएबिलिटी (दोन ठोक्यांमधील अंतरात होणारे चढउतार) १२ मिलिसेकंद दिसली, आणि एवढ्या कमी आकड्यावरून ते बरे होणार नाहीत असे समजावे काय, हा आपला प्रश्न आहे. भूलतज्ज्ञ म्हणून अतिदक्षता विभागात बरीच वर्षे काम केल्यानंतर माझे मत असे की त्या आकड्यावरून तसा निष्कर्ष काढता येत नाही, कारण तो एकट्या हृदयाचा नसतो. त्यात यंत्राचा आणि औषधांचाही मोठा वाटा असतो.

निरोगी माणसाचे ठोके मिनिटाला ७५ असले, तरी दोन ठोक्यांमधील अंतर दर वेळी नेमके ८०० मिलिसेकंद नसते. ते कधी ८४०, तर कधी ७७० भरते. श्वास घेताना हृदयाची गती आवरणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा लगाम सैल होऊन गती वाढते आणि सोडताना ती मंदावते. गंभीर जंतुसंसर्गात ही लवचिकता घटते, हे खरे आहे. मात्र व्हेंटिलेटर हवा दाबाने आत ढकलतो, त्यामुळे छातीतील दाबाचा क्रमच उलटा होतो आणि हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचे प्रमाण यंत्राच्या तालावर कमीजास्त होते. एकदा हृदयगतीच्या छापील पट्टीवर दर पाच सेकंदांनी उमटणारी लाट दाखवून एक निवासी डॉक्टर मोठ्या आनंदाने म्हणाले की व्हेगस परतली. यंत्राचा दर तेव्हा मिनिटाला १२ होता. पुढे रुग्णाच्या गरजेनुसार तो १५ केला, तेव्हा तीच लाट दर चार सेकंदांनी येऊ लागली. म्हणजे ती व्हेगसची नव्हे, यंत्राची होती.

प्रोपोफॉल व मिडाझोलाम यांसारखी गुंगीची औषधे हे चढउतार दाबून टाकतात. उलट एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे ठोके अगदी अनियमित पडतात त्या विकारात, आकडा फुगतो, पण ते सुधारणेचे चिन्ह नव्हे. पेसमेकर असल्यास तर मोजण्यात अर्थच राहत नाही. शिवाय आपले घड्याळ त्वचेवरील प्रकाशावरून नाडी टिपते. हात सुजलेला किंवा गार असला की तेही चुकते.

हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या रुग्णांवरील १९८७ च्या अभ्यासात, चोवीस तासांच्या नोंदीत ५० मिलिसेकंदांहून कमी चढउतार असलेल्यांतील मृत्यूचे प्रमाण १०० हून अधिक असलेल्यांच्या पाचपटीहून जास्त आढळले होते. इंटरनेटवर वाचून आपण घाबरलात तो आकडा बहुधा हाच असावा. पण ते रुग्ण वेगळे, नोंदीची लांबी वेगळी, आणि १९९६ च्या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार वेगवेगळ्या कालावधीच्या नोंदींची परस्परांशी तुलनाच करू नये.

त्यापेक्षा गुंगीचे औषध कमी केल्यावर वडील डोळे उघडून सूचना पाळतात काय, रक्तदाबासाठी लागणारे नॉरअ‍ॅड्रेनॅलिन उतरते आहे काय, आणि यंत्राचा आधार अगदी कमी करून स्वतःच्या श्वासावर ठेवण्याची अर्ध्या ते दोन तासांची चाचणी झाली काय, हे डॉक्टरांना विचारावे. त्या चाचणीत मिनिटाचे श्वास भागिले एका श्वासातील लिटर हा साधा भागाकार करतात. उदाहरणार्थ, २८ श्वास आणि ०.३५ लिटर असल्यास उत्तर ८० येते. १०५ पेक्षा कमी उत्तर अनुकूल मानतात, अर्थात खोकल्याची ताकद आणि शुद्धीही पाहावी लागते. घड्याळ मात्र आजच काढून घ्यावे. मनगटावर धमनीची नळी असेल, तर परिचारिकेला तिथे मोकळी जागा हवी असते.