सर्व धर्मांतला सैतान एकच आहे का, आणि रावणाला आपला सैतान म्हणता येईल का?

माझ्या वाचनाप्रमाणे दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे.

‘सैतान’ हे मुळात कोणाचे नाव नव्हते, ते एक काम होते. हिब्रू भाषेत ‘सातान’ म्हणजे आडवा येणारा. बायबलच्या ‘गणना’ या पुस्तकात बलाम नावाच्या भविष्यवाद्याच्या गाढवीची वाट अडवणाऱ्या देवदूतालाही हाच शब्द लावला आहे. बायबलमधल्याच ईयोब या सज्जन भक्ताच्या कथेत सैतान हा देवाच्या दरबारातला फिर्यादी असून देवाच्या परवानगीवाचून त्याला काहीच करता येत नाही. हे रूप पुढे कसे पालटले, ते इस्राएलच्या दावीद राजाने केलेल्या शिरगणतीच्या बायबलमधल्या दोन वृत्तांतांत दिसते : २ शमुवेल २४ प्रमाणे प्रजा मोजण्याची बुद्धी कोपलेल्या परमेश्वराने दिली, तर नंतर लिहिल्या गेलेल्या १ इतिहास २१ मध्ये तीच बुद्धी सैतानाने दिली. हे दोन उतारे प्रथम शेजारी ठेवून वाचले, त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

इस्लाममधला इब्लीस आदमपुढे झुकण्यास नकार देतो, कारण तो अग्नीपासून आणि आदम मातीपासून घडलेला; पण कयामतपर्यंतची मुदत त्याला अल्लाहकडूनच मिळालेली आहे. पारशी धर्मातला अहरिमन मात्र परमेश्वराचा खराखुरा प्रतिस्पर्धी आहे. त्याच धर्माच्या अवेस्ता या ग्रंथात ‘दएव’ म्हणजे दुष्ट शक्ती आणि ‘अहुर’ म्हणजे परमेश्वर, तर आपल्याकडे देव पूज्य आणि असुर दुष्ट. विशेष म्हणजे ऋग्वेदात वरुणालाही आदराने असुर म्हटले आहे, आणि अवेस्ताच्या वेंदिदाद या भागात इंद्राची गणना दएवांत केलेली आहे. एकाचा देव दुसऱ्याच्या ग्रंथात राक्षस होतो, तो असा.

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांतील विहारांत बुद्धाला अडवणाऱ्या माराची गोष्ट लहान मुलांनाही ठाऊक असते. सुत्तनिपात या पाली ग्रंथातल्या पधानसुत्तात त्याच्या सेना सांगितल्या आहेत : पहिली कामवासना, दुसरी अरती म्हणजे साधनेचा कंटाळा, तिसरी भूक-तहान, चौथी तृष्णा. तिथे त्याला ‘नमुचि’ असेही म्हटले आहे, आणि ऋग्वेदात इंद्राने मारलेल्या शत्रूचेही तेच नाव आहे. नाव जुने राहिले, शत्रू मात्र माणसाच्या मनात आला. मला स्वतःला सर्वांत खोल वाटते ती हीच कल्पना.

आता रावणाविषयी. हिंदू परंपरेत साऱ्या वाईटाचा एकच धनी नाही, म्हणून सैतानाची जागाच तिथे रिकामी आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दाराला खोचलेले मेढे, म्हणजे पळसाच्या फांद्या, उपटतो आणि ‘इडा पिडा घेऊन जाय गे मारबत’ असे, रोगराई घेऊन जाणाऱ्या मारबतीला उद्देशून, ओरडत शिवेबाहेर नेऊन टाकतो. त्या हाकेत रोगराई असते, खोकला असतो, पण कोणी सैतान नसतो. बलिप्रतिपदेला तर आमच्याच घरातल्या बाया ओवाळताना ‘बळीचे राज्य येवो’ म्हणतात, आणि बळी हा असुरच आहे. अकोला जिल्ह्यातल्या सांगोळ्याला रावणाची मूर्ती पुजली जाते, आणि मेळघाटातले कोरकू आदिवासी होळीच्या दिवसांत त्याच्या मुलाला, मेघनाथाला, नवस फेडतात.