एकच आयस्कझी लन दोन पीसींना जोडल्यावर फाइल का बिघडतात?

तुमचा प्रश्न असा: वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात सिनॉलॉजी नॅसवर (नेटवर्कवरच्या स्टोरेज पेटीवर) आयस्कझी टार्गेट केलं, म्हणजे नॅसमधल्या जागेचा एक तुकडा (लन) नेटवर्कवरून डिस्कसारखा द्यायची सोय केली, ते दोन विंडोज पीसींना जोडलं, एकाने ठेवलेली फाइल दुसऱ्याला दिसत नाही, आणि आता ड्राइव्ह उघडताना फॉरमॅट करायला सांगतो. सेटिंग कुठे चुकली?

सर्वांत आधी, फॉरमॅट करू नका. दोन्ही पीसींवर आयस्कझी इनिशिएटर (विंडोजमधलं टार्गेटला जोडणारं साधन) उघडून डिस्कनेक्ट करा. नॅसचा व्हॉल्यूम बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमचा असेल तर लनचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची नोंद, घ्या. मग एकच पीसी जोडा आणि जे वाचता येतंय ते वेगळ्या डिस्कवर उतरवा. विंडोजची डिस्क तपासणारी चेकडिस्क त्यानंतरच चालवा, कारण ती दुरुस्त करताना लिहिते आणि अर्धवट नोंदी कायमच्या पुसूही शकते.

आता कारण. लन म्हणजे शेअर्ड फोल्डर नव्हे. विंडोजला ती स्वतःच्या पोटातली हार्डडिस्क वाटते. एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिममध्ये कुठला ब्लॉक मोकळा आहे याचा हिशेब प्रत्येक पीसी आपल्या रॅममध्ये धरून बसतो. पहिल्या पीसीने जीएसटीची एक्सेल एका मोकळ्या ब्लॉकवर लिहिली, दुसऱ्याच्या हिशेबात तो ब्लॉक अजून मोकळाच, म्हणून त्याने त्यावरच स्वतःची फाइल लिहिली. दोघांच्याही स्क्रीनवर एरर नाही, पण फाइल गेली. टार्गेटच्या सेटिंगमधली एकापेक्षा जास्त सेशनना (जोडण्यांना) परवानगी देणारी खूण क्लस्टरसाठी, म्हणजे एकमेकांशी ताळमेळ ठेवून चालणाऱ्या सर्व्हरसाठी, किंवा एकाच सर्व्हरच्या दोन वाटांसाठी आहे. वेगवेगळ्या मशीननी एकच लन वापरणं व्हीएमवेअरची व्हीएमएफएस (अनेक सर्व्हरना चालणारी फाइल सिस्टिम) किंवा विंडोज फेलओव्हर क्लस्टर असेल तरच चालतं. तुमच्याकडे ती काढून टाका.

तिघाचौघांनी मिळून वापरायच्या फाइल, टॅलीचा डेटासुद्धा, साध्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवा. एकाच सर्व्हरला हवा असलेला डेटाबेस किंवा व्हर्च्युअल मशीन असेल, तर लन जरूर करा. तेव्हा हे सांभाळा:

नॅसला कायमचा आयपी द्या. डीएचसीपीने (आपोआप आयपी वाटणाऱ्या सोयीने) तो बदलला की टार्गेट सापडत नाही. नॅसच्या सॅन मॅनेजरमध्ये लन करताना थिक (सगळी जागा आधीच राखणारा प्रकार) निवडा. थिनमध्ये (जागा लागेल तशी घेणाऱ्या प्रकारात) व्हॉल्यूम भरला की लिखाण मध्येच अडतं, आणि विंडोजला मात्र जागा शिल्लक दिसत राहते. परवानगी सगळ्यांना न देता त्या सर्व्हरच्याच आयक्यूएनला (आयस्कझीतल्या ओळखनावाला) द्या. तो इनिशिएटरच्या कॉन्फिगरेशन टॅबवर मिळतो. चॅप पासवर्ड (जोडताना ओळख पटवणारा) १२ ते १६ अक्षरांचाच ठेवा, त्याहून कमीजास्त विंडोज घेत नाही. आयस्कझीचा पोर्ट ३२६०. डिस्क जीपीटी या विभागणी-पद्धतीनेच इनिशियलाइज करा, जुनी एमबीआर पद्धत २ टीबीच्या पुढे जात नाही.

गिगाबिट लॅनवर सेकंदाला साधारण ११० एमबी मिळतात. दोन केबल बॉन्ड केल्या (एकत्र बांधल्या) तरी एका सेशनचा वेग वाढत नाही. त्यासाठी दोन वेगळे सबनेट आणि एमपीआयओ (एकाच डिस्कपर्यंत दोन वाटा वापरणारी विंडोजची सोय) लागतो, आणि तेव्हा जास्त सेशनची ती खूणही लागते. जंबो फ्रेमच्या (नेटवर्कवरच्या मोठ्या, ९००० बाइटच्या पॅकेटच्या) नादी लागू नका. लावायचीच तर सर्व्हर, स्विच आणि नॅस तिन्हीकडे लावा, आणि ८९७२ बाइटचा, तुकडे न होणारा पिंग जातो का ते बघा. मधला स्विच एकटा जरी नेहमीच्या १५०० बाइटवर राहिला तरी लॉगिन होतं, पण मोठी कॉपी लटकते.

नॅस, स्विच आणि सर्व्हर तिन्ही यूपीएसवर घ्या. पावसाळ्यात वीज झपकन जाऊन येते तेव्हा स्विच बंद पडणं म्हणजे सर्व्हरसाठी चालती डिस्क उपटल्यासारखंच आहे. बंद करताना आधी सर्व्हर, मग नॅस. चालू करताना उलट क्रम.