सिडनीतला बाँडी ते कूजी हा समुद्रकाठचा पायी रस्ता साठी-सत्तरीतल्या आई-बाबांना झेपेल का?

झेपेल, पण एका दमात नको. आणि डिसेंबरात ते आले की सूर्यास्त बघायला न्यायचं म्हणताय, ते तर नकोच.

आधी सूर्यास्ताचं सांगते. मी रत्नागिरीची. समुद्र म्हणजे सूर्य बुडतो ती जागा, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की आई सिडनीला आली तेव्हा तिला पहिल्यांदा बाँडीला नेलं तेही संध्याकाळीच. दोघी पाण्याकडे तोंड करून बसलो, आणि सूर्य आमच्या पाठीमागे इमारतींच्या आड गेला! तिथला समुद्र पूर्वेला आहे. सूर्य पाण्यातून वर येतो. डिसेंबरात तो पावणेसहाच्या आसपास उगवतो, तेव्हा तिथे असाल तर आई-बाबा जन्मभर नाव काढतील. नऊनंतर ऊन भाजून काढतं आणि वाटेत सावली फारच कमी. 'आम्हाला उन्हाची सवय आहे' असं बाबा म्हणतीलच. म्हणू द्या, टोपी घालाच.

अंतर साधारण सहा किलोमीटर. आईला अंतराने नाही, पायऱ्यांनी दमवलं. एकेक किनारा आला की खाली उतरायचं आणि पलीकडे पुन्हा चढायचं. म्हणून पहिल्या दिवशी बाँडी ते ब्राँटे एवढंच करा. शहरातून ३३३ नंबरची बस थेट बाँडीला सोडते. दक्षिण टोकाला आइसबर्ग्स क्लबचा पोहण्याचा तलाव लागतो, लाटा त्याच्या भिंतीवरून आत येतात. तिथून कड्याच्या कडेकडेने वाट सुरू होते.

हा कडा वालुकाश्माचा. आपल्या जांभ्यासारखा लाल नाही, मधाच्या रंगाचा. मिठाचं पाणी खडकात मुरतं, वाळताना मिठाचे स्फटिक फुगतात आणि दगडाचे कण सुटे होतात. त्यामुळे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली दिसतात. आई त्यात बोटं घालून बघत अर्धा तास रेंगाळली. मी घाई केली नाही, तुम्हीही करू नका.

टॅमारामाचा किनारा इवलासा आणि देखणा, पण तिथे पाण्यात उतरायला देऊ नका. आत ओढणारा प्रवाह वाईट आहे. कुठेही उतरायचं तर जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच. ब्राँटेला मात्र खडकात बांधलेला समुद्राच्या पाण्याचा तलाव आहे, १८८७ सालचा. पाय सोडून बसायला उत्तम. मागे मोठी बाग आहे. आम्ही तिथे तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या आणि बसने परत आलो.

उरलेलं आठवडाभराने केलं. ब्राँटेच्या पुढे वेव्हर्ली दफनभूमी लागते. १८७७ पासूनची, ऑस्ट्रेलियन कवी हेन्री लॉसन तिथेच पुरलेला आहे. आई आधी अडून बसली, 'सकाळी सकाळी स्मशानातून जायचं?' पण आत शिरावं लागत नाही, कड्याच्या बाजूने लाकडी पूल केलाय. मग त्याच पुलावर कठड्याला रेलून ती सगळ्यात जास्त वेळ उभी राहिली. देवमासे मात्र डिसेंबरात शोधत बसू नका, ते मे ते नोव्हेंबर जातात-येतात.

क्लोव्हेलीला पाणी शांत, पोहणाऱ्यांच्या जवळ मोठे निळे ग्रोपर मासे येतात. बघा, पण धरायचे नाहीत, कायद्याने संरक्षण आहे त्यांना. पुढे गॉर्डन्स बे. इथल्या पायऱ्या सगळ्यात छळतात. गुडघे कुरकुरत असतील तर हा तुकडा सरळ गाळा.

कूजी हे नाव मूळ रहिवाशांच्या भाषेतलं. कुजणाऱ्या शेवाळाचा वास असा काहीसा अर्थ सांगतात. वाकटी सुकवणाऱ्या गावात वाढलेल्या आईने नाक वर करून हुंगलं आणि म्हणाली, 'ह्याला वास म्हणतात?'

एवढं आलात तर कूजीच्या किनाऱ्याच्या दक्षिणेला खडकात फक्त बायका-मुलांसाठीचा स्नानतलाव आहे, तो चुकवू नका. आई पंजाबी ड्रेससकट पाण्यात उतरली, कोणी ढुंकूनही बघितलं नाही. तेवढा वेळ बाबांना वर बाकावर चहाचा थर्मास देऊन बसवा.