पंपाचा जोर कमी करायचाय? आधी हे वाचा

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत समपमधून (टाकीखालच्या दुसऱ्या, साठवणीच्या टाकीतून) पाणी परत वर पाठवणारा पंप जास्त जोराचा निघाला म्हणून लगेच बदलू नका. व्हॉल्व्ह लावून प्रवाह कमी करता येतो, पण तो पाणी बाहेर पडतं त्या पाइपवर. ओढणारी बाजू कधीच आवळायची नाही. पंपाला पाणी कमी पडलं की तो खडखडतो आणि इंपेलर (पाणी ढकलणारं आतलं फिरतं पातं) लवकर खराब होतो. शक्यतो गेट व्हॉल्व्ह घ्या. बॉल व्हॉल्व्हची दांडी जराशी सरकली तरी प्रवाह एकदम बदलतो, गेटचं चाक मात्र हळूहळू फिरवता येतं. डीसी पंप (वेग बदलता येणारा) असेल तर कंट्रोलरवरच वेग उतरवा, वीजही वाचते.

खोक्यावर छापलेल्या प्रवाहाच्या आकड्यावर जाऊ नका. पाणी वर चढताना, वळणांतून जाताना तो बराच घटतो. परतीच्या पाइपखाली (ज्यातून पाणी वर टाकीत येतं) 10 लिटरची बादली धरा. 40 सेकंदांत भरली, तर तासाला 900 लिटर. 200 लिटरच्या टाकीला हे साडेचार पट झालं, आणि माझ्या मते समपसाठी तेवढं पुरे. प्रवाळांना लागणारी खळबळ वेव्हमेकरनं (टाकीतच पाणी ढवळणाऱ्या वेगळ्या पंपानं) द्या.

एक काम मात्र आजच करा: पंप बंद करून बघा. टाकीतलं पाणी उलटं समपमध्ये उतरतं, ते तिथे मावलंच पाहिजे. माझ्याकडे मावलं नव्हतं. खारं पाणी थेट विजेच्या बोर्डापर्यंत गेलं होतं. परतीच्या पाइपचं तोंड पाण्याच्या पातळीच्या अगदी जवळ ठेवा, म्हणजे उलटं उतरणारं पाणी कमी होतं.

काही महिन्यांनी प्रवाह आपोआप मंदावला तर व्हॉल्व्हला हात लावण्याआधी पंप खोलून व्हिनेगरमध्ये भिजवा. इंपेलरवर बहुतेक वेळा पांढरा, खरखरीत थर बसलेला सापडतो.